परत पाठवलेली अकरा पोती

५ मे, सोमवार

आकड्यांची वही मागच्या शेडमध्ये खिळ्याला टांगली आहे. ती तूबाची. ही वही माझी. ही पेटीत राहील आणि हिच्यात मला खरे वाटेल तेच लिहिले जाईल.

आज सोळा वर्षांनी घाणा फिरला. पाकिटातले तेल गल्लीच्या दुकानात आले त्या वर्षी मी तो बंद केला होता. आता नातीने उघडायला लावला. तूबा रसायनशास्त्राची पदवी घेऊन आली आहे. करंजाच्या तेलापासून डिझेलच्या इंजिनात चालणारे इंधन करायचे, असा तिचा निश्चय आहे. परदेशातून जहाजाने तेल मागवायचे आणि आपल्याकडच्या करंजाच्या शेंगा पायांखाली तुडवायच्या, हे तिला पटत नाही. मलाही पटत नाही. मात्र तिने दारावरच्या फलकावर 'निर्मीती' असे लिहवून घेतले होते. रंगाऱ्याला पुन्हा शिडीवर चढवून मी ते दुरुस्त करून घेतले.

कामाची वाटणी स्पष्ट आहे. घाणा माझा, मागच्या पत्र्याच्या शेडमधली टाकी तिची. ती घाण्याच्या खोलीत येत नाही, मी तिच्या टाकीजवळ जात नाही. अशी वाटणी असली की भांडणाला जागा उरत नाही.

हात काही विसरले नव्हते. घाण्यातली लाकडी लाट फिरू लागली, बी भरडले, चुऱ्याचा गोळा होऊ लागला आणि माझी ओंजळ आपोआप बादलीत गेली. एका घाण्याला पाण्याच्या तीन ओंजळी, दुसरी पहिलीपेक्षा लहान. कमी पडले तर पेंड करपते, जास्त झाले तर तेल सुटत नाही. हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. माझ्या वडिलांच्या हातातून ते माझ्या हातात आले. माझा जुना गडी धोंडप्पा चाळीस वर्षांपूर्वी उभा राहत असे तसाच बादली धरून उभा होता. बादली त्याची, ओंजळ माझी. यात अदलाबदल कधी झालेली नाही. तिसऱ्या ओंजळीनंतर धार लागली तेव्हा डोळ्यांत पाणी आले. करंजाचा वास उग्र असतो, त्याने तसे होते.

९ मे, शुक्रवार

किनवटहून बियांचा टेंपो आला. सोबत कस्तुराबाई होत्या. तिकडच्या रानातल्या चाळीस बायकांच्या गटाच्या त्या प्रमुख. बायका शेंगा वेचतात, काठीने बडवून बी काढतात, खळ्यावर वाळवतात. आजवर व्यापारी म्हणेल त्या भावाने देत. तूबाने वर्षभराचा एकच भाव ठरवून दिला आहे. परंतु तो टिकणे लातूरवर अवलंबून आहे. लातूरच्या डाळमिलचे मालक राजशेखर यांनी अट घातली आहे: जूनअखेरपर्यंत ओळीने तीन पिंपे त्यांच्या जनरेटरमध्ये विनातक्रार चालली, तर वर्षभराचे इंधन ते आमच्याकडून घेतील. नाही चालली तर घाणा बंद, आणि त्या चाळीस जणी पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात.

काट्याजवळ उभे राहून मी बाईंना आर्द्रता, प्रतवारी आणि परिमाण यांविषयी नीट समजावून सांगितले. त्यांनी पदराआड हसू लपवले.

"शेठ, तुमचं मराठी लई वजनी हाय. आमच्या पोत्याच्या आधी तेच मोजून घ्या."

धोंडप्पा हसला. मी हसलो नाही.

१४ मे, बुधवार. लातूर

लाजिरवाणा दिवस.

पहिले पिंप घेऊन तूबा आणि मी टेंपोने आलो. राजशेखर यांनी चहा दिला आणि नेहमीचे वाक्य बोलून घेतले. "चाचा, तुमचं मराठी ऐकून वाटतच नाही हो." काय वाटत नाही, ते त्यांनी सांगितले नाही. सत्तर वर्षे हे वाक्य ऐकत आलो आहे. आमचे घराणे नांदेडात सहा पिढ्या आहे आणि तरीही माझ्या तोंडून शुद्ध वाक्य निघाले की लोकांना पाहुण्याचे कौतुक करावेसे वाटते.

जनरेटर पाऊण तास चालला, मग खोकला आणि बंद पडला. मिस्त्रीने फिल्टर उघडून दाखवला. आत पांढरट, बुळबुळीत लगदा होता. तूबाने तो बोटांवर घेऊन चोळला आणि तिचा चेहरा उतरला.

"साबण झालाय," ती म्हणाली.

मिलमधले हमाल बघत होते. कोणीतरी म्हणाले, आता डाळ धुऊन निघेल. राजशेखर यांनी त्याला दटावले, परंतु स्वतः हसत हसत.

१६ मे, शुक्रवार

तूबाने पातेल्यात माझे ताजे तेल घेऊन शेगडीवर ठेवले. तापताच ते तडतडू लागले. तेलात पाणी असले म्हणजे असे होते, आणि तेलात पाणी असले की तिच्या टाकीत इंधनाऐवजी साबण तयार होतो. तापवून पाणी उडवता येईल का, असे मी विचारले. तेवढे तापवण्यात जे सरपण जळेल त्याने आपल्या इंधनाला अर्थ उरणार नाही, असे ती म्हणाली. शिवाय हिशेबाने बियांमध्ये एवढे पाणी असायलाच नको.

बियांमध्ये पाणी. शब्द तिच्या तोंडून निघाला आणि मला सर्व कळले. पन्नास वर्षे मी आडतीवर घालवली आहेत. वजन वाढवण्यासाठी पोत्यांवर पाणी मारणारे मी कमी पाहिले आहेत काय?

मी तसे म्हणालो.  तूबाने आपले ओल मोजायचे छोटे यंत्र बियांत खुपसून पाहिले. बी कोरडे आहे, असे ते यंत्र दाखवते. यंत्र बिघडलेले आहे.

मग तिने विचारले, "दादाअब्बा, घाण्यात बियांशिवाय तुम्ही काय काय घालता?"

माझ्या घाण्यात काय घालता? करडईत सरकी मिसळणाऱ्यांची दुकाने याच पेठेत माझ्या डोळ्यांदेखत उभी राहिली, आणि आम्ही तीन पिढ्या एक थेंब भेसळ केली नाही म्हणून मागे पडलो. ते तिला ठाऊक आहे. मी उत्तर दिले: काहीही नाही, कधीही नाही. आणि जेवणावरून उठलो.

१९ मे, सोमवार

पत्र लिहिले. सगळी सकाळ लागली. त्यातला मुख्य भाग येथे उतरवून ठेवतो:

'आपल्या गटाने पुरवलेल्या बियांवर, वजन वाढविण्याच्या हेतूने, पाणी मारण्यात आल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. सबब शिल्लक अकरा पोती याद्वारे परत पाठविण्यात येत असून, यापुढील व्यवहाराबाबत आम्ही पुनर्विचार करीत आहोत.'

चार वेळा वाचले. एकही चूक सापडली नाही. एक प्रत कस्तुराबाईंच्या गटाला, एक त्यांच्या तालुक्याच्या महिला संघाला, आणि एक राजशेखर यांना, म्हणजे दोष कोणाचा हे त्यांनाही कळावे.

तूबा म्हणाली, चार दिवस थांबा. मी म्हणालो, तुझ्या वयात मीही असाच मऊ होतो आणि लोकांनी मला त्या मऊपणाची किंमत मोजायला लावली. दुपारी अकरा पोती टेंपोत चढवली. धोंडप्पाने ती चढवताना एका पोत्याला कान लावून ते हलवून पाहिले. काय करतोस, असे विचारले तर म्हणाला, "काय न्हाई मालक, वाळल्यावानी वाजतंय का बघून राहिलो."

२६ मे, सोमवार

कस्तुराबाई सकाळच्या गाडीने उतरून आल्या, अकरापैकी एक पोते डोक्यावर घेऊन. बसा म्हटले तर बसल्या नाहीत. ओट्यावर पोते सोडले आणि उलटे केले. बी ओट्यावरून खडखडत पायरीपर्यंत गेले. समोरच्या शिलाई दुकानातली माणसे उठून उभी राहिली.

"वल्लं बी चार दिसांत बुरशी धरतं शेठ. आज आठवा दिस हाय. हात घाला."

मी हात घातला नाही. उन्हात वाळवून आणले असेल, हे मला न कळण्याएवढा मी खुळा नाही.

त्यांनी सांगितले की संघाने चौकशी होईपर्यंत गटाचे गोदाम कुलूपबंद केले आहे. बैठकीत माझे पत्र अध्यक्षांनी मोठ्याने वाचले. चाळीस बायका माना खाली घालून ऐकत होत्या. एकीच्या नवऱ्याने घरी जाऊन तिला विचारले, पाणी मारायला तूही होतीस का.

"आमी रानातून येचून आणतो शेठ. चोरून न्हाई."

मी शांतपणे म्हणालो की पत्रात एकही अपशब्द नव्हता. भाषा पूर्णतः सभ्य होती.

"व्हय," त्या म्हणाल्या. "भाषा लई चांगली व्हती. म्हून तर समद्यांनी ती खरी धरली."

पोते तसेच टाकून त्या स्टेशनकडे चालत्या झाल्या. तूबा अनवाणी त्यांच्या मागे धावली. ओट्यावरचे बी धोंडप्पाने एकट्याने गोळा केले. संताप असा आला होता की दुपारचे जेवण गेले नाही. दोष त्यांचा, आणि गल्लीसमोर मान माझी खाली.

३१ मे, शनिवार

तीन दिवस लातूरला होतो. बहिणीची नात रईसा हिचे लग्न. आमंत्रणपत्रिकेत सात चुका होत्या.

परत येऊन पाहतो तो माझ्या मागे तूबाने घाणा चालवला होता. धोंडप्पाला बाजूला बसवून स्वतः. बी कस्तुराबाईंनी ओट्यावर ओतलेले तेच. पेंडीची दशा पाहवत नव्हती: काळी, करपलेली, लाटेला चिकटून बसलेली. तेलही नेहमीच्या निम्मेच. ओंजळ द्यायला कोणी नव्हते, दुसरे काय होणार?

ते तेल मात्र तडतडले नाही. तूबाने माझ्यादेखत पातेले तापवले, आणि त्यातून आवाज म्हणून आला नाही. पुढे तिच्या टाकीत ते काचेसारखे स्वच्छ झाले. मी म्हणालो, मेअखेरच्या उन्हाने बी वाळले. ती म्हणाली, या आठवड्यात तर रोज पाऊस होता. मी म्हणालो, मग नशीब.

तिने आकड्यांची वही माझ्यासमोर उघडून ठेवली आणि बी व तेल यांच्या आकड्यांवर बोट ठेवले. मी पाहिले. एका जागी 'आर्द्रता' चुकीचे लिहिले होते. ते दुरुस्त करून वही परत दिली.

३ जून, मंगळवार

आज काही लिहीत नाही.

४ जून, बुधवार

लिहिलेच पाहिजे.

काल पहाटे नमाज झाल्यावर मी घाणा घेतला. पोते तेच, तूबाने अर्धे राखून ठेवलेले. नऊ वाजता तिने शेगडी पेटवली आणि पातेले धरायला धोंडप्पाला हाक मारली. हात भाजेल अशी भीती वाटते, असे म्हणाली. एरवी ती हातमोजे घालते.

तेल तडतडले. मी म्हणालो, पाहा, तेच पोते, त्याच बायकांची करणी. आणखीही बरेच बोललो. ते सगळे येथे लिहिणे मला शक्य नाही.

धोंडप्पा पातेल्यात पाहत होता. हा आवाज त्याने प्रथमच ऐकला होता. तो म्हणाला, "हे असं कशानं वाजून राहिलं, बाई?"

तूबा खाली पाहत म्हणाली, "तेलात पाणी आहे, चाचा. कुठून आलं, तेच समजत नाही."

"त्यात न समजण्यासारखं काय हाय?" तो म्हणाला. त्याला खरोखरच नवल वाटले होते. "मालकानं सकाळी दिलं की. तीन ओंजळी. रोज देतेत."

 तूबाने शेगडी विझवली. धोंडप्पाने माझ्याकडे पाहिले आणि पातेले खाली ठेवले.

"मालक, माझं काई चुकलं का?"

चाळीस वर्षांत त्याला कोणी काही विचारले नव्हते. मीही नाही. विचारले असते तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितले असते.

वडिलांनी शिकवले ते खोटे नव्हते. खाण्याचे तेल आम्ही आठ आठ दिवस निवळत ठेवत असू. पाणी तळाशी बसे, वरचे तेल लोक खात. हे तेल दुसऱ्याच दिवशी टाकीत जाते. एवढे सोपे होते. मला राग येतो तो हा: मला ठाऊक होते. तेलात पाणी कुठून येते हे या जगात माझ्याइतके कोणाला ठाऊक होते? आणि मी ते किनवटच्या रानात शोधले.

तूबा काल रात्री माझ्या खोलीत आली आणि माझे पाय चेपत बसली. एवढी शिकलेली मुलगी, तिला हे आधी कळू नये याचे आश्चर्य वाटते.

१० जून, मंगळवार

ईद शनिवारी झाली. घरातल्या कोणाला माझा चेहरा पाहवला नाही.

आज आगगाडीने भोकरमार्गे किनवट, तिथून जीपने गाव. तूबाला येऊ दिले नाही. माफीचे पत्र लिहून नेले होते. शाळेच्या पडवीत बायका जमल्या. मी उभा राहून ते वाचू लागलो. 'सदर आरोप निराधार असल्याचे' इथवर आलो आणि समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिले. पहिले पत्रही त्यांनी असेच ऐकले असेल. कागद घडी करून खिशात ठेवला.

म्हणालो, "पाणी मी मारलं. माझ्या हातानं. तुमचं बी कोरडं होतं."

कोणी टाळी वाजवली नाही, कोणी बसा म्हटले नाही. मागे बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, हाच का तो. कस्तुराबाई पाय दुमडून बसल्या होत्या. त्यांनी सावकाश विचारले, "पत्र तीन जागी गेलं शेठ. तुमी एकाच जागी आले?"

मी म्हणालो, उरलेल्या दोन्ही जागी जाईन.

"जावा. मंग बी देऊ. आन एक. आमची एक बाई तुमच्या घाण्यापाशी बसंल. रोज."

माझ्या घाण्यावर पहारा. माझ्या वडिलांच्या घाण्यावर.  परंतु नकार द्यायला माझ्यापाशी तोंड नव्हते. हो म्हणालो. संध्याकाळची गाडी दीड तास उशिरा आली आणि फलाटावर मी एकटाच होतो, हे एक बरे झाले.

१३ जून, शुक्रवार. लातूर

महिला संघात काल गेलो. अध्यक्षांनी कुलूप काढायचे कबूल केले, लेखी मागून घेतले. दिले.

राजशेखर यांना आज सांगितले. ते मोठ्याने हसले, पाठीवर हात ठेवला. "चाचा, एवढं काय मनाला लावून घेता? त्या बायकांचं काय, आज न्हाई तर उद्या मारलंच असतं पाणी."

महिन्याभराचा राग माझ्यात साठला होता. तो कोठे जायला हवा होता, ते त्या क्षणी समजले. हे वाक्य त्यांना मीच तर लिहून दिले होते, स्वाक्षरीसह. मी म्हणालो, पाणी मारणारा माणूस तुमच्यासमोर उभा आहे. त्याला जे म्हणायचे ते म्हणा. त्या बायकांविषयी आणखी एक शब्द बोललात तर उरलेली पिंपे मी तुमच्या दारात आणणार नाही. त्यांना बहुधा वाटले की म्हातारा चळला. हसणे मात्र थांबले. मग म्हणाले, "बरं चाचा, तुमचं खरं. पहिलं पिंप मोजत न्हाई. आता तीन आणा."

बाहेर आल्यावर लक्षात आले की मी मराठीत बोललोच नव्हतो. घरच्या बोलीत ओरडलो होतो. त्यांना सर्व समजले.

३० जून, सोमवार

तिसरे पिंप आज लातूरला संपूर्ण दिवस चालले. फिल्टर कोरडा. राजशेखर यांचा फोन तूबाने घेतला आणि ती मागच्या शेडमध्ये जाऊन एकटीच उभी राहिली. करार वर्षाचा झाला आहे. त्यात त्या गटाचे नाव तिने पहिल्या कलमातच घालून घेतले.

पाणी न घालता पेंड करपू नये म्हणून घाणा आता निम्म्या वेगाने चालतो आणि एका वेळी थोडेच बी घेतो. हे तूबाने शोधले. धोंडप्पा म्हणतो, लाट म्हातारी झाल्यासारखी चालते. मला त्याचा राग येतो. वडिलांच्या काळापासून जी धार तिसऱ्या ओंजळीला लागत असे ती आता मनाला येईल तेव्हा लागते.

कस्तुराबाईंनी पाठवलेली बाई दामिनी पंधरा दिवसांपासून इथे आहे. बसायला काही नव्हते म्हणून तिने पहिल्याच दिवशी ती बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. तिथेच असते. फारशी बोलत नाही, बी निवडत असते. मला वाटे, तिचे लक्ष नसते.

आज पहाटे चुऱ्याचा गोळा होऊ लागला. लातूरहून यायच्या फोनचा विचार डोक्यात होता. माझे दोन्ही हात आपोआप पुढे झाले, ओंजळ झाली आणि बादलीच्या दिशेने खाली गेली.

दामिनीने मान वर केली नाही.

"शेठ," ती म्हणाली, "हात."

मी हात मागे घेतले.